शेवटचा हप्ता पावसाळ्यानंतर

दिवाळी आटोपली की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या आवारात आणि रो-हाउसच्या दारात टेम्पो लागू लागतात. एकातून लाल-करडे पेव्हर ब्लॉक उतरतात, दुसऱ्यातून क्रश सँड, तिसऱ्यातून लॉनसाठी लाल माती. पंधरा-वीस दिवसांत आवाराचे रूप पालटते आणि मे महिन्यापर्यंत सगळे ठाकठीक असते. जूनमध्ये पावसाने जोर धरला की ड्रेनेजच्या चेंबरभोवतीचे ब्लॉक बसू लागतात, गाडी उभी राहते तिथे चाकांच्या दोन चरी पडतात, पाणी गटाराकडे जायचे सोडून उंबऱ्याकडे येते आणि लॉनखालून डेब्रिजचे तुकडे डोके वर काढतात. ठेकेदाराचा फोन लागत नाही. लागलाच तर ‘पाऊस थांबला की माणसं पाठवतो’ हे उत्तर ठरलेले. पाऊस थांबतो, माणसे येत नाहीत. घरमालकाकडे दाखवायला उरतो तो वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेला चौरस फुटाचा दर आणि मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांची नोंद.

अशा वेळी ‘ठेकेदार बोगस निघाला’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. काही ठेकेदार बोगस असतातही. पण सोसायटीमागून सोसायटीत तीच तक्रार, त्याच महिन्यात आणि आवाराच्या त्याच कोपऱ्यात उद्भवत असेल, तर केवळ माणसांच्या नियतीला बोल लावून भागत नाही; व्यवहाराची घडीच तपासावी लागते. ज्या कामाची खरी परीक्षा पाऊस घेतो, त्याचे सगळे पैसे आपण कोरड्या ऋतूत चुकते करतो. ज्या कामाचा मोठा भाग जमिनीखाली गाडला जातो, त्याची पाहणी आपण वरून चालत करतो. आणि जे काही ठरते, ते तोंडी ठरते. या तीन गोष्टी तशाच ठेवून दर वर्षी नुसता ठेकेदार बदलला तर निकाल बदलणार नाही. त्या बदलायला नवा कायदा लागत नाही. एका पानाचा करार आणि एक पावसाळा थांबण्याची तयारी लागते, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

नवी मुंबईत हा प्रश्न अधिक जाचतो, त्याला इथली जमीन कारण आहे. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या पूर्वेला शहर वसवायचे ठरले, तेव्हा वाट्याला आलेल्या जमिनीत खाजण, मिठागरे आणि भातशेती मोठ्या प्रमाणावर होती. भराव टाकून, मुरूम पसरून नोड उभे राहिले. भरतीचे पाणी वस्तीत शिरू नये आणि पावसाचे पाणी ओहोटीपर्यंत थोपवता यावे, म्हणून सिडकोने डच धर्तीवर धारण तलाव बांधले. योगायोग असा, की पेव्हर ब्लॉकही त्याच देशातून जगभर गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये भाजक्या विटांचा तुटवडा पडला, तेव्हा विटांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे रस्त्यावर आले. मऊ जमिनीच्या त्या देशाला ते मानवले, कारण जमीन बसली तर ठोकळे उचलायचे, खालचा थर दुरुस्त करायचा आणि तेच ठोकळे पुन्हा बसवायचे, ही सोय त्यात आहे. म्हणजे भरावाच्या जमिनीला हे तंत्र झेपत नाही असे म्हणता येत नाही. मात्र त्याचे सगळे बळ खालच्या थरात आहे आणि आपल्याकडे नेमका तोच थर कुणाच्या हिशेबात नसतो.

तो थर कसा असावा, हे काही गूढ नाही. आधी सैल माती काढून तळ दाबून घ्यायचा. त्यावर दगडी सोलिंग किंवा खडी-मुरमाचा थर. तोही एकदम न ओतता थोडा थोडा पसरून, पाणी मारून, धुम्मस किंवा रोलरने बसवायचा. त्यावर दोन ते चार सेंटीमीटर वाळू, मग ब्लॉक, मग प्लेट व्हायब्रेटर आणि शेवटी सांध्यांत बारीक वाळू झाडून भरायची. चारी बाजूंना काँक्रीटची पक्की कड हवी, नाहीतर चाकाच्या दाबाने ब्लॉक बाजूला सरकत जातात आणि सांधे उघडे पडतात. या सगळ्याला ढाळ हवा. पन्नास फुटांना एक फूट असा हिशेब धरला तरी दहा फुटांच्या अंगणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ अडीच इंचांचा उतार पडतो. गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने तो दोन मिनिटांत तपासता येतो. इंडियन रोड्स काँग्रेसची या कामासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे आणि ठोकळ्यांसाठी भारतीय मानक १५६५८ आहे. २००६ च्या त्या मानकाने वापरानुसार जाडी आणि ताकद ठरवून दिली: वर्दळ नसलेल्या जागी ५० मिलिमीटर आणि एम-३०, गृहसंकुले आणि मोटारींच्या पार्किंगसाठी ६० मिलिमीटर आणि एम-३५, शहरातल्या मध्यम वर्दळीच्या रस्त्यांसाठी ८० मिलिमीटर आणि एम-४०. ज्या सोसायटीत पाण्याचा टँकर किंवा कचऱ्याची गाडी आतपर्यंत येते, तिने कोणती जाडी निवडावी हे यावरून समजते. आपल्याकडच्या कोटेशनमध्ये मात्र बहुधा रंग आणि आकार लिहिलेला असतो; जाडी असलीच तर असते आणि ‘एम’पुढचा आकडा क्वचितच सापडतो.

काटकसर कुठे होते, हे साध्या गणिताने कळते. एक हजार चौरस फुटांच्या आवारात सहा इंच खडीचा थर म्हणजे ५०० घनफूट, म्हणजे पाच ब्रास. सहाऐवजी तीन इंच टाकले की अडीच ब्रास खडी, तिची वाहतूक आणि ती दाबण्याची मजुरी वाचली. ब्लॉक बसले की या दोन आवारांतला फरक ओळखणे निष्णात अभियंत्यालाही नुसत्या नजरेने जमणार नाही. चेंबरभोवती आणि पाइपलाइनच्या चरांवर तर ही काटकसर हमखास होते. चर बुजवताना माती थराथराने दाबायला वेळ लागतो, म्हणून ती ढकलून वरून पाणी सोडले जाते आणि पहिल्या पावसात नेमकी तीच रेघ खचते. ठोकळ्याचा कमअस्सलपणा त्यामानाने लवकर उघडा पडतो. मानकानुसार त्याने सरासरी ६ टक्क्यांहून अधिक पाणी शोषता कामा नये. चार किलोचा ठोकळा उन्हात खडखडीत वाळवून किराण्याच्या काट्यावर तोलावा, चोवीस तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तोलावा. वजन २४० ग्रॅमपेक्षा फार वाढले तर माल संशयास्पद. प्रयोगशाळेतल्या चाचणीची जागा हा प्रयोग घेणार नाही. पण अर्धा किलो पाणी पिणारा ठोकळा टेम्पोत परत चढवायला तेवढा पुरावा पुरतो. प्रश्न एवढाच, की परत पाठवण्याचा हक्क आधी कुठे लिहून ठेवला आहे का?

बागेच्या कामातही तेच घडते. लॉनचे तयार तुकडे अंथरले की त्याच संध्याकाळी आवार हिरवेगार दिसते आणि त्याच संध्याकाळी उरलेले पैसे दिले जातात. खाली पुरेशी स्वच्छ माती आणि शेणखत आहे, की पाडकामाच्या डेब्रिजवर पसरलेला दोन इंचांचा मुलामा, हे दोन महिन्यांनी पिवळे पट्टे पडल्यावर समजते. झाडांची अवस्था आणखी वाईट. बुंध्याला भिडवून ब्लॉक बसवले की काम सुबक दिसते, पण मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला होता. ती अट आपल्या आवारात आपणच घालून घ्यायला कोणाची हरकत आहे? जुन्या रो-हाउसच्या ओळींमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवे काम चढवले जाते, कारण उखडण्याचा खर्च वाचतो. अशी दोन-तीन आवर्तने झाली की अंगण जोत्याच्या पातळीला येते, तळमजल्याच्या भिंतीला ओल धरते आणि पाणी शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहते. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी लहान चौकाभोवती सात-सात घरांचे पुंजके रचले आणि प्रत्येक घराला उघडे अंगण दिले. एकाच्या अंगणाची पातळी सातही घरांचा प्रश्न असते, हे अशा रचनेत पहिल्याच पावसात कळते.

आता सरकार स्वतःसाठी काय करते ते पाहा. सार्वजनिक बांधकाम विभाग असो की महापालिका, रस्त्याचे काम देताना निविदेत थरांची जाडी लिहिलेली असते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, साहित्याचे चाचणी अहवाल मागितले जातात, सुरक्षा अनामत कापली जाते आणि दोष दायित्वाचा कालावधी संपेपर्यंत ठेकेदार बांधलेला राहतो. बिल्डरच्या बाबतीत नागरिकालाही असे संरक्षण आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष निदर्शनास आणून दिला, तर प्रवर्तकाने तीस दिवसांत तो विनामोबदला दूर करायचा असतो. म्हणजे तेच आवार बिल्डरने करून दिले तर पाच वर्षांची हमी. सोसायटीने सहाव्या वर्षी स्वतःच्या पैशाने करून घेतले तर पाच आठवड्यांचीही नाही. घरात वायरिंग करणाऱ्याला शासनाचा परवाना लागतो, नळजोडणीसाठी महापालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. शंभर कुटुंबांच्या आवारातले पावसाचे पाणी कुठे वळणार हे ठरवणाऱ्या माणसाकडे मात्र एक टेम्पो आणि एक मोबाइल नंबर असला की पुरते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: ग्राहक आयोग आहे की! तो आहे आणि चांगला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन केलेले असे काम ही सेवा आहे आणि त्यातली उणीव ही तक्रारीची बाब आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, अर्ज ऑनलाइन करता येतो, वकील देणे सक्तीचे नाही. ‘व्यक्ती’च्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करायची असते. एवढे सगळे असून अंगणाचा वाद तिथे फारसा टिकत नाही, कारण आयोग पहिला प्रश्न विचारतो तो ‘ठरले काय होते?’ हा. किती इंचांचा थर ठरला होता, कोणत्या जाडीचा ठोकळा, ढाळ कुठल्या दिशेला? भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या दृष्टीने तोंडी करारही वैधच. पण वैध असणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. तक्रार तीन महिन्यांत, आणि चाचणीची गरज असल्यास पाच महिन्यांत, निकाली काढावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि तोवर दुसरा पावसाळा येतो. आयोग हा शेवटचा दरवाजा आहे. त्याच्यापर्यंत जावे लागू नये अशी तजवीज पहिल्या दिवशी करता येते, आणि जावेच लागले तर हातात कागद असतो.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. ‘ओळखीचा माणूस आहे, शेजारच्या सोसायटीचे काम त्यानेच केले, कागद मागितला तर त्याला वाईट वाटेल.’ हे संकोच आपण इतरत्र केव्हाच सोडले आहेत. याच नवी मुंबईत वन-बीएचके भाड्याने देताना अकरा महिन्यांचा करार नोंदणीकृत होतो, भाडेकरू सख्ख्या मित्राचा भाऊ असला तरी होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने ती सक्ती केली आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाईल, अशी तरतूद केली. सुरुवातीला जाचक वाटलेली ती पद्धत आता अंगवळणी पडली आहे आणि तिच्यामुळे मैत्री तुटल्याचे फारसे ऐकिवात नाही. कागद नको असण्यामागे विश्वासाखेरीज आणखी एक कारण असते, तेही स्पष्ट बोलायला हवे. ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ हा प्रस्ताव कधी ठेकेदाराकडून येतो, तर कधी घरमालकाकडून. अठरा टक्के वाचवण्याच्या नादात आपण व्यवहाराचा पुरावाच सोडून देतो. वास्तविक ज्याची वार्षिक सेवा-उलाढाल २० लाखांच्या आत आहे, त्याला जीएसटी नोंदणीची सक्तीच नाही. तो जीएसटी न लावता सही-शिक्क्याचे साधे बिल कायदेशीरपणे देऊ शकतो. तेव्हा ‘छोटा माणूस आहे, बिल कुठून देणार’ ही सबब दोन्ही बाजूंनी पोकळ आहे.

तिसरा आक्षेप ठेकेदाराच्या बाजूचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. शेवटचे पैसे बुडवणारे घरमालक कमी नाहीत. काम पूर्ण झाल्यावर खुसपट काढायचे, मधेच ‘एवढे तेवढे करून टाक’ म्हणून जादा काम करून घ्यायचे, त्याचा दर ठरवायचा नाही आणि सोसायटीची कमिटी बदलली की नव्या कमिटीने जुना शब्द नाकारायचा, हे सर्रास चालते. नाक्यावरच्या मजुराला रोजच्या रोज पैसे द्यावे लागतात. दहा टक्के रक्कम सहा महिने अडकली तर लहान ठेकेदाराने काय करायचे? शिवाय दर पाडतो कोण? तीन कोटेशन मागवून सर्वांत स्वस्त माणसाला आणखी दोन रुपये कमी करायला लावणारे आपणच असतो. तीनही कोटेशनमध्ये थरांची जाडीच लिहिलेली नसते, त्यामुळे आपण तीन वेगवेगळ्या कामांचे दर एकमेकांशी ताडून पाहत असतो आणि सहा इंच सोलिंग धरणारा प्रामाणिक ठेकेदार पहिल्याच फेरीत महाग ठरून बाद होतो. ही तक्रार खरी आहे, म्हणूनच तिचे उत्तर लेखी करारात आहे. थर आणि दर लिहिला की प्रामाणिक माणसाला स्पर्धेत उभे राहता येते. जादा कामाचा दर आधी लिहिला की ते फुकटात जात नाही. राखून ठेवलेली रक्कम कोणत्या तारखेला द्यायची ते लिहिले आणि त्या तारखेपर्यंत लेखी तक्रार नसेल तर ती दिलीच पाहिजे असे मान्य केले, तर तीच रक्कम ठेकेदाराचा हक्क बनते. सोसायटीने ती वेगळ्या ठेवीत ठेवून पावती त्याला दाखवावी. पैसे अडकण्याचा बोजा तो दरात धरेल, हे उघड आहे. दोन-चार रुपये चौरस फुटाने वाढतील. दोन वर्षांनी सगळे आवार उकरण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

चौथा आक्षेप अनुभवी लोक घेतात: करार असूनही फसवणूक होतेच, मुंबईचे रस्ते पाहा. बरोबर आहे. मुंबई महापालिकेच्या ३४ रस्त्यांची चौकशी झाली आणि २०१६ मध्ये ठेकेदारांबरोबरच, ज्यांनी कामावर देखरेख ठेवायची त्या त्रयस्थ लेखापरीक्षक संस्थांविरुद्धही गुन्हे नोंदले गेले. निविदा, अनामत, त्रयस्थ तपासणी असा सगळा सरंजाम असूनही घोटाळा झाला. पण चौकशी कशाच्या आधारावर झाली? किती थर, किती जाडीचा असायला हवा हे लिहिलेले होते, म्हणूनच रस्ता खणून तुलना करता आली. कागदाने चोरी थांबली नाही. चोरी पकडणे मात्र शक्य झाले. त्या प्रकरणाचा दुसरा धडा असा, की दुसऱ्याच्या पैशावर देखरेख करणारा झोपू शकतो. अंगणाच्या बाबतीत देखरेख करणारा स्वतः मालक असतो, तिथेच राहतो आणि पाणी त्याच्याच घरात शिरणार असते. खणल्यावर एकदा, खडी दाबल्यावर एकदा आणि वाळू पसरल्यावर एकदा, असे तीनदा मोजपट्टी उभी धरून फोटो काढायचे, एवढी देखरेख कोणत्याही निवृत्त गृहस्थाला किंवा गृहिणीला जमण्याजोगी आहे. पुढचा थर घालण्याआधी हा फोटो आणि मालकाची सही, अशी अट करारात असली की झाकपाक करायला जागा राहत नाही.

‘म्हणजे पुन्हा लायसन्स राज आणायचे का?’ असाही प्रश्न येईल. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात बागकामाच्या ठेकेदारासाठी सी-२७ नावाचा स्वतंत्र परवाना आहे आणि घरदुरुस्तीच्या करारात दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्याहून जास्त आगाऊ घेता येत नाही. आपल्याकडे कामाला हात लागण्याआधी ‘मटेरियलसाठी’ निम्मी उचल मागितली जाते. परवान्याचे कॅलिफोर्नियाचे प्रारूप इथे जसेच्या तसे आणावे असे माझे म्हणणे नाही. परवाना देणारी आणखी एक खिडकी म्हणजे आणखी एक हप्ता, ही भीती निराधार नाही. पण आगाऊ रकमेवरची मर्यादा हा त्यातला भाग कोणत्याही खिडकीविना उचलता येतो. नवी मुंबई आणि पनवेल महापालिका, सिडको आणि सहकार खात्याचे उपनिबंधक यांनी मिळून मराठीत एक नमुना करार प्रसिद्ध करावा, सक्ती करू नये. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत मोठ्या खर्चासाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि निविदा यांची पद्धत आधीच आहे. त्या निविदेला हा नमुना जोडला की काम झाले. एकट्या घरमालकालाही तो डाउनलोड करून सही घेता येईल.

त्या पानावर फार काही लागणार नाही. ठेकेदाराचे नाव, पत्ता आणि ओळखपत्राचा क्रमांक. जुने काम उखडायचे की नाही. प्रत्येक थराची दाबल्यानंतरची जाडी इंचांत. ठोकळ्याची जाडी, ग्रेड आणि पाणी शोषणाची मर्यादा. ढाळाची दिशा दाखवणारा, हाताने काढलेला का होईना, नकाशा. झाडाभोवती सोडायची जागा, मातीची खोली आणि त्यात डेब्रिज नसल्याची अट. पैसे टप्प्याटप्प्याने: थोडी उचल, खडीचा थर तपासल्यावर एक हप्ता, ब्लॉक बसल्यावर एक हप्ता आणि दहा टक्के रक्कम ३१ ऑक्टोबरला, म्हणजे एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर. काम एप्रिलमध्ये झाले तरी तीच तारीख. खचलेला भाग लेखी कळवल्यापासून किती दिवसांत दुरुस्त करायचा आणि न केल्यास राखीव रकमेतून दुसऱ्याकडून करून घेता येईल, हेही लिहावे. ज्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकता येणार नाही तेही लिहावे: नंतर कुणी केबलसाठी खणले, जड वाहन आत आणले किंवा अवघा भूखंडच भरावामुळे खचला, तर तो दोष त्याचा नाही. जमिनीचा दोष आणि कामाचा दोष वेगळा ओळखता येतो. सगळे आवार सारखे खाली गेले तर जमीन. चेंबरभोवती, चरावर आणि चाकाखाली गेले तर काम.

पावसाळा हा नवी मुंबईतला सर्वांत कडक आणि सर्वांत स्वस्त तपासनीस आहे. तो फी घेत नाही, कुणाच्या ओळखीचा नसतो आणि चार महिने रोज हजेरी लावतो. त्याचा अहवाल येण्याआधीच आपण ठेकेदाराचा हिशेब मिटवतो, ही चूक आपली आहे आणि सुधारणेही आपल्याच हातात आहे. येत्या दिवाळीनंतर ज्या सोसायट्या आणि घरमालक आवाराचे काम काढणार आहेत, त्यांनी कोटेशन मागतानाच दोन ओळी लिहून पाठवाव्यात: थरांची जाडी कळवावी आणि शेवटचे दहा टक्के पावसाळ्यानंतर मिळतील. ज्याला स्वतःच्या कामाचा भरवसा आहे, तो दर थोडा वाढवून का होईना, हो म्हणेल. जो लगेच नाही म्हणेल, त्याच्या टेम्पोला गेटातून आत घेऊ नका.